रागवा, पण नोंद करून रागवा



मी सैन्यातून निवृत्त झालेला कर्नल. सगळी नोकरी सिग्नल्समध्ये झाली. वायरलेस सेट, केबल, एक्स्चेंज आणि त्यांचे बिघाड यांच्याशीच आयुष्यभर संसार केला म्हणा ना. शेवटचं पोस्टिंग महूला होतं, आणि तिथून फार लांब गेलोच नाही. आता इंदूरला राहतो. इथे मराठी घरं पुष्कळ आहेत आणि माजी सैनिकही पुष्कळ. आमचा एक गट आहे. पेन्शन, दवाखाना, नातवंडांच्या शाळा अशा कामांत एकमेकांना मदत करतो. गेल्या काही वर्षांत या गटात सगळ्यात जास्त मदत लागते ती मोबाइल फोनची. त्यातही एक वाक्य वारंवार कानावर येतं: "साहेब, काल रात्री अपडेट आलं आणि आज सकाळपासून फोन चालत नाही."

आज याच वाक्यावर बोलायचं आहे. फोन का बिघडतो ते थोडक्यात सांगेन. पण मुख्य बोलणार आहे ते फोन बिघडल्यावर आपण काय करतो यावर. कोणी चिडतो, कोणी गप्प बसतो, कोणी स्वतःलाच दोष देतो. माझं म्हणणं असं, की त्या वेळी आपण कसे वागतो यावर आपला फोन दुरुस्त होणार की नाही हे बऱ्याच अंशी ठरतं, आणि आपल्यासारख्या हजारोंचा होणार की नाही हेही.

आधी सांगतो, हा विषय किरकोळ का नाही. पंधरा वर्षांपूर्वी फोन बंद पडला तर गप्पा बंद पडायच्या. आज बँकेचा ओटीपी फोनवर येतो, भाजीवाल्याचे पैसे यूपीआयनं जातात, गॅसचं बुकिंग, रेल्वेचं तिकीट, डॉक्टरची वेळ, सगळं त्या एका चौकोनात. आम्हा पेन्शनरांचं तर विचारूच नका. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, बहुतेकांचा नोव्हेंबरात. 2014 साली जीवन प्रमाण ही डिजिटल सोय सुरू झाली आणि 2021 पासून फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून दाखला देता येतो. सोय उत्तमच आहे. पण आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवणारं यंत्र म्हणजे आता आपला फोन आहे. तोच मान टाकून बसला तर?

आमच्या गटातल्या एका सुभेदारांची गोष्ट सांगतो. मूळचे कराडकडचे, मुलाकडे इंदूरला राहणारे. एका नोव्हेंबरात रात्री त्यांच्या फोनवर अपडेट आलं. सकाळी फोन सुरू केला तर कंपनीचं चिन्ह दिसायचं, विझायचं, पुन्हा दिसायचं. पुढे काही नाही. ते माझ्याकडे आले आणि पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "साहेब, माझंच बोट कुठंतरी चुकीचं लागलं असणार." ज्या माणसानं बर्फात तोफखान्याच्या लाइनी तुटू दिल्या नाहीत, तो माणूस फोन बिघडला म्हणून अपराध्यासारखा उभा होता.

सर्व्हिस सेंटरवर त्यांना सांगितलं, मदरबोर्ड गेला, वॉरंटी संपली, एवढे एवढे पैसे होतील. त्यांनी मान डोलावली. आम्ही दोघं-तिघं सोबत गेलो, शांतपणे सगळं लिहून दिलं, वर तक्रार केली, तेव्हा सॉफ्टवेअर पुन्हा घालून फोन मिळाला. पैसे लागले नाहीत. पण आतलं सगळं पुसलं गेलं. त्यात त्यांच्या पत्नीच्या आवाजाची रेकॉर्डिंग होती. वहिनी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या रोज सकाळी गावाकडे बहिणीशी बोलायच्या, ते यांनी सहज म्हणून टेप करून ठेवलेलं. दाखल्याचं काम बँकेत जाऊन झालं. आवाज काही परत आला नाही.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. फोन फुकट दुरुस्त झाला तरी नुकसान भरून येतंच असं नाही, हा मुद्दा आहे.

आता अपडेट म्हणजे काय ते साध्या भाषेत. फोनमध्ये लोखंडकाच असते तशी एक हुकूम देणारी यंत्रणाही असते. अँड्रॉइड किंवा आयओएस आपण म्हणतो, ती. तिच्यात चुका सापडत राहतात, चोरांना शिरायला जागा सापडत राहते. कंपनी दुरुस्ती लिहिते आणि ती हवेतून आपल्या फोनवर पाठवते. शांतपणे विचार केला तर हे विलक्षण आहे. लाखो यंत्रं लोकांच्या खिशात चालू असताना त्यांचं इंजिन बदलायचं, तेही मेकॅनिक समोर नसताना.

शहाण्या कंपन्या ही दुरुस्ती एकदम सगळ्यांना पाठवत नाहीत. आधी थोड्या फोनांवर, मग थोड्या जास्त, असं टप्प्याटप्प्यानं सोडतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत यंत्रणेच्या दोन प्रती ठेवण्याची सोय असते. नवी प्रत चालली नाही तर फोन जुन्या प्रतीवर परत येतो. ही सोय 2016 साली अँड्रॉइड 7 बरोबर आली. तरीही घोळ होतात, कारण प्रयोगशाळेतला फोन वेगळा आणि तुमचा वेगळा. तुमची बॅटरी तीन वर्षांची झालेली, जागा काठोकाठ भरलेली, त्यात नातवानं घातलेले खेळ. शेजाऱ्याचा त्याच मॉडेलचा फोन ठणठणीत आणि तुमचा आडवा, हे म्हणूनच घडू शकतं. "बाकी कोणाची तक्रार नाही" हे काउंटरवरचं उत्तर त्यामुळेच पुरेसं नसतं.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूनंही समजून घ्यायला हवी. अपडेटनंतर दिसणारा प्रत्येक त्रास अपडेटचाच असतो असं नाही. मोठं अपडेट आलं की फोन एक-दोन दिवस आतल्या आत आवराआवर करतो, ॲप नव्यानं बसवतो, फोटोंची यादी पुन्हा बनवतो. त्या काळात तो तापतो, बॅटरी लवकर उतरते. बहुधा दोन दिवसांत शांत होतो. तोपर्यंत दम धरावा. पण स्क्रीन उजळतच नाही, सिम दिसत नाही, फोन पुन्हा पुन्हा आपोआप बंद-चालू होतो, असं काही असेल तर वाट पाहू नका.

आता जगात आणि आपल्याकडे घडलेले चार प्रसंग सांगतो. चारांतून चार वेगळे धडे आहेत.

पहिला, सप्टेंबर 2014. ॲपलनं आयफोन 6 बाजारात आणून आठवडाही झाला नव्हता. 24 तारखेला आयओएस 8.0.1 हे अपडेट सोडलं. नव्या फोनांवर ते घातलं की नेटवर्क गायब. फोन म्हणून जे मूळ काम, तेच बंद. बोटाचा ठसाही ओळखेना. लोकांनी तत्काळ आरडाओरडा केला, आणि ॲपलनं सुमारे सव्वा तासात ते अपडेट मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेलं 8.0.2 आलं. चाळीस हजारांपेक्षा कमी फोनांना फटका बसला असं कंपनीनं सांगितलं. धडा काय? तक्रार लवकर झाली तर नुकसान हजारांत थांबतं. पहिल्या तासात बोंब मारणारे लोक त्या दिवशी बाकीच्या लाखोंचे पहारेकरी ठरले.

दुसरा प्रसंग आपल्या देशातला. शाओमीचा एमआय ए3 हा फोन 2019 च्या ऑगस्टमध्ये भारतात आला. हा अँड्रॉइड वन गटातला फोन. अपडेट वेळेवर मिळतील हेच त्याचं आकर्षण. प्रत्यक्षात अँड्रॉइड 10 यायला इतका उशीर झाला की ग्राहकांनी ऑनलाइन अर्ज काढून मागणी केली. मग 2020 सालच्या अगदी शेवटी अँड्रॉइड 11 आलं आणि ते घातलेले अनेक फोन कायमचे झोपले. बटण दाबा, चार्जर लावा, काही नाही. थट्टेनं अशा फोनला लोक वीट म्हणतात. लोकांनी नवीन वर्षाचं स्वागत हातात वीट घेऊन केलं. काहींना सर्व्हिस सेंटरवर पैसे मागितले गेले, त्यावर संताप झाला. शाओमीनं अपडेट थांबवलं आणि वॉरंटी असो वा नसो, असे फोन फुकट दुरुस्त करू असं जाहीर केलं.

इथे बारकाईनं बघा. काउंटरवर एकेकट्या माणसाला एक उत्तर मिळत होतं. तक्रारी एकत्र दिसायला लागल्यावर वरून दुसरं उत्तर आलं. एकट्याचा फोन म्हणजे "तुमच्या हँडसेटचा प्रॉब्लेम". एकाच दिवशी, एकाच अपडेटनंतर, एकाच मॉडेलचे अनेक फोन म्हणजे कंपनीचा प्रॉब्लेम. तुमची तक्रार वेगळी पडू देऊ नका, हा दुसरा धडा.

तिसरा प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 2017 सालचा. जुने आयफोन अपडेटनंतर मंद होतात अशी कुजबुज बरीच वर्षं होती. कंपन्या मुद्दाम करतात, नवीन घ्यायला लावतात, असं लोक चहाच्या टपरीवर बोलायचे. पुरावा कोणाकडेच नव्हता, म्हणून कोणी मनावर घेत नव्हतं. मग डिसेंबर 2017 मध्ये एका ग्राहकानं जुनी बॅटरी बदलून फोनचा वेग आधी आणि नंतर मोजला आणि आकडे सर्वांसमोर मांडले. नवी बॅटरी घातल्यावर तोच फोन जोरात पळत होता. पाठोपाठ फोनचा वेग मोजण्याचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या जॉन पूल यांनी त्यांच्याकडे जमलेल्या मोजण्यांचे आलेख प्रसिद्ध केले. ठरावीक आवृत्तीनंतर वेग पडतो हे त्यात उघड दिसत होतं.

दोनच दिवसांत ॲपलनं मान्य केलं. जुनी बॅटरी अचानक वीज पुरवू शकली नाही तर फोन एकदम बंद पडतो, ते टाळण्यासाठी अपडेटमधून वेग आवरला जातो, असं कंपनीचं स्पष्टीकरण होतं. तांत्रिक दृष्ट्या ते न पटण्यासारखं नाही. चूक होती ती ग्राहकाला न सांगण्याची. तुम्ही मला विचारून माझी गाडी हळू करा, मी कदाचित हो म्हणेन. न विचारता केलीत तर मी नवी गाडी घ्यायला निघेन, जेव्हा मला फक्त बॅटरी हवी होती. डिसेंबर संपायच्या आत कंपनीनं जाहीर माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 वर आणला. पुढे 2018 मध्ये इटलीतल्या स्पर्धा आयोगानं अपडेटमुळे फोन मंद झाल्याबद्दल ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड ठोठावला. 2020 मध्ये फ्रान्सनं ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल ॲपलला अडीच कोटी युरो दंड केला.

बरीच वर्षं चाललेल्या कुजबुजीनं जे झालं नाही, ते आकड्यांनी काही दिवसांत झालं. सिग्नल्समध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून हेच शिकवायचे. "सेट खराब आहे" हा रिपोर्ट नव्हे. कुठला सेट, कुठली फ्रिक्वेन्सी, किती वाजल्यापासून, ऐकू येत नाही की पोचत नाही, आणि तू आतापर्यंत काय करून पाहिलंस, हे सगळं सांगितलंस तर तो रिपोर्ट. नाहीतर ते नुसतं रडगाणं.

चौथा प्रसंग पुन्हा आपल्याकडचा. आयओएस 18 घातल्यावर आयफोन नीट चालत नाहीत अशा तक्रारी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आल्या. जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी सांगितलं, की या तक्रारी तपासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणामार्फत ॲपलला नोटीस पाठवून उत्तर मागितलं आहे. नोटीस म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे, हे मीही जाणतो. पण बघा, जगातल्या एका बलाढ्य कंपनीला दिल्लीहून विचारणा झाली, ती कशाच्या जोरावर? कोणीतरी 1915 हा नंबर फिरवून नोंद केली होती, त्या जोरावर. घरात बसून शिव्या देणाऱ्यांची दखल त्या नोटिशीत नाही, कारण त्यांची नोंदच कुठे नाही.

आता वळू या आपल्या वागण्याकडे. फोन बिघडल्यावर माणसं चार प्रकारे वागतात असं मी पाहिलं आहे.

पहिला प्रकार स्वतःला दोष देणाऱ्यांचा. हे बहुतेक माझ्या वयाचे असतात, घरातल्या बायका असतात, कमी शिकलेले असतात. "मला यातलं काही कळत नाही, मीच काहीतरी केलं असेल." मंडळी, कंपनीनं पाठवलेलं अपडेट तुम्ही कंपनीनं सांगितलं म्हणून घातलंत. यात तुमचं काही चुकलं नाही. ही लाज आधी टाकून द्या. लाजणारा माणूस तक्रार करत नाही आणि समोरच्याला ते फार सोयीचं पडतं.

दुसरा प्रकार भडकणाऱ्यांचा. राग रास्त आहे, पण तो निघतो कोणावर? काउंटरवरच्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोरावर. त्यानं ते अपडेट लिहिलेलं नाही. तो बिचारा पायदळातला शिपाई. हुकूम वरून येतो, गोळ्या तो झेलतो. त्याच्यावर ओरडून तुमचा फोन सुरू होणार नाही, उलट तो तुमच्या कामाच्या कागदावर दोन शब्द कमी लिहील. त्याच्याशी नीट बोला, त्याचं सहकार्य घ्या आणि तक्रार त्याच्या वरच्यांकडे न्या.

तिसरा प्रकार "ठीक है साहब"वाल्यांचा. फौजेत जवानाला विचारा, जेवण कसं आहे? ठीक है साहब. बूट चावतात का? ठीक है साहब. म्हणून चांगला अधिकारी तोंडी उत्तरावर थांबत नाही, पाय उघडून बघतो. कंपनी तुमचे पाय बघायला येणार नाही. तुम्ही गप्प बसलात तर तिच्या तक्त्यावर तुमचा फोन ठणठणीत म्हणूनच मोजला जातो.

चौथा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो. "आता आयुष्यात अपडेट घालणार नाही." एकदा पोळलेला माणूस असं म्हणतो ते मला समजतं. पण हे म्हणजे एकदा औषधाची रिॲक्शन आली म्हणून दवाखानाच सोडण्यासारखं झालं. बहुतेक अपडेटांत सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं जगभरचे संगणक कुलूपबंद केले, इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी घातली नाही ते सापडले. ते संगणक होते, पण नियम फोनलाही तोच. तुमच्या फोनमध्ये तुमची बँक आहे. दार उघडं टाकून झोपू नका.

मग करायचं काय? आधी तयारी, मग तक्रार.

तयारी सोपी आहे. फोटो, नंबर, आवाज, जे जे पुन्हा मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत फोनबाहेर ठेवा. क्लाउडवर ठेवा, मुलाच्या लॅपटॉपवर ठेवा, पेन ड्राइव्हवर ठेवा, पण ठेवा. ऑक्टोबर 2024 मध्ये एका ॲपच्या अपडेटनं सॅमसंगचे काही जुने गॅलेक्सी फोन असेच बंद-चालूच्या चक्रात अडकले होते, आणि त्यातून निघण्यासाठी अनेकांना फोन कोरा करावा लागला. प्रत ज्यांच्याकडे होती त्यांचा एक दिवस गेला. ज्यांच्याकडे नव्हती त्यांच्या आठवणी गेल्या.

दुसरं, वेळ निवडा. आवृत्तीचा मुख्य आकडा बदलणारं मोठं अपडेट आलं तर आठ-दहा दिवस थांबा, इतरांचं काय होतंय ते पाहा. नुसत्या सुरक्षेचं छोटं अपडेट असेल तर फार रेंगाळू नका. प्रवासाच्या आदल्या रात्री घालू नका. घरी ऑपरेशन असेल त्या आठवड्यात नको. आणि पेन्शनर मंडळी, आधी हयातीचा दाखला द्या, मग अपडेट घाला. तेवढ्यात फोन गेलाच तर घाबरू नका. बँकेत जाऊन दाखला देता येतो, आणि चेहरा ओळखण्याची सोय दुसऱ्याच्या फोनवरूनही चालते. आमच्या गटात एका तरुण निवृत्त हवालदारांच्या फोनवर आम्ही अनेकांचे दाखले एका सकाळीत उरकतो, वर पोहेही होतात.

आता तक्रार. सहा ओळींचा रिपोर्ट लिहा. कागद घ्या, हवं तर आत्ताच घ्या.

एक, फोनचं मॉडेल आणि खरेदीची तारीख. दोन, सॉफ्टवेअरची आवृत्ती. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन इथे ती लिहिलेली असते. फोन चालू असतानाच कधीतरी तिचा फोटो काढून घरच्यांकडे पाठवून ठेवा, कारण फोन मेल्यावर ती बघता येत नाही. तीन, अपडेट कधी घातलं, तारीख आणि वेळ. चार, नेमकं काय होतंय. "फोन खराब" लिहू नका. "चिन्ह दिसतं, वीस सेकंदांत बंद होतो, पुन्हा सुरू होतो" असं लिहा. पाच, तुम्ही काय करून पाहिलं. सहा, तुम्हाला काय हवंय: फुकट दुरुस्ती, आतला मजकूर वाचवण्याचा प्रयत्न, आणि लेखी उत्तर. सहावी ओळ लोक विसरतात. मागणी लिहिलीच नाही, तर समोरचा कशाला उत्तर देईल?

हा कागद घेऊन सर्व्हिस सेंटरवर जा. ते जी जॉबशीट देतात तिच्यावर "अपडेटनंतर बिघाड" हे शब्द लिहून घ्या. लिहिल्याशिवाय फोन हातातून सोडू नका. फोन कोरा करण्याआधी तुमची संमती विचारा, असंही लिहून द्या. "वॉरंटी संपली" म्हणाले तर शांतपणे विचारा: "वॉरंटी संपली हे खरं, पण हे अपडेट वॉरंटी संपल्यावर पाठवलं कोणी?" मी वकील नाही, पण हा प्रश्न मी दोनदा वापरला आहे आणि दोन्ही वेळा समोरचा माणूस आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला.

तिथं जमलं नाही तर कंपनीला ईमेल करा. तरी नाही, तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार क्रमांक मिळतो, तो जपा. त्यापुढे ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा, जुलै 2020 पासून लागू आहे. वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन्हींसाठी त्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी जिल्हा आयोगात फी नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. 1 जानेवारी 2025 पासून त्यासाठी ई-जागृती हे पोर्टल आहे. मुदत दोन वर्षांची. म्हणजे घाई नको, पण विसरूही नका.

आणि एक धोक्याची सूचना. फोन बिघडला की माणूस गडबडतो, आणि गडबडलेल्या माणसाची वाट पाहणारे पुष्कळ आहेत. गूगलवर शोधून मिळालेल्या कुठल्याही कस्टमर केअर नंबरवर फोन करू नका. नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. दुरुस्तीसाठी कोणालाही ओटीपी किंवा यूपीआयचा पिन लागत नाही. मागितला की समजा, समोर शत्रू आहे.

कंपन्यांनाही दोन शब्द सांगतो, कारण त्यांच्यातही आपली मराठी मुलं-मुली आहेत. बंगळूर, हैदराबाद, पुणे, नोएडा इथं बसून हेच काम करणारी कित्येक जण हा कार्यक्रम पाहतात. बाळांनो, चूक सगळ्यांकडून होते. आमच्याकडे तोफेचा गोळा भलतीकडे पडला तर पहिला हुकूम असतो: फायर थांबवा. दुसरं काम, ज्यांना धोका आहे त्यांना कळवा. तिसरं, जखमींना उचला. चौकशी त्यानंतर. तुमच्याकडे नेमकं उलटं होताना दिसतं. आधी "आम्ही तपासत आहोत", मग चार दिवस शांतता, आणि जखमी काउंटरवर रांगेत. अपडेट मागे घेणं म्हणजे गोळीबार थांबवणं, बस. ज्याचा फोन आधीच आडवा पडलाय त्याला त्यानं काही मिळत नाही. त्याला हवं असतं एक सरळ वाक्य, त्याच्या भाषेत: चूक आमची आहे, अमुक ठिकाणी जा, पैसे लागणार नाहीत. हे वाक्य पहिल्या दिवशी बोललात तर लोक माफ करतात. महिन्यानंतर बोललात तर तो खुलासा होतो, आणि खुलाशावर कोणी विश्वास ठेवत नाही.

सारांश सांगून थांबतो. अपडेट घाला, सोडू नका. घालण्याआधी प्रत ठेवा. बिघडलं तर स्वतःला दोष देऊ नका, काउंटरवरच्या पोरावर ओरडू नका, आणि गप्प तर मुळीच बसू नका. राग आला पाहिजे, पण त्याला तारीख, वेळ आणि आवृत्तीचा आकडा जोडा. असा राग कंपनीला मोजावा लागतो.

आणि घरात जे कोणी वयस्कर असतील, आई, आजोबा, शेजारच्या काकू, त्यांचा फोन आज रात्री दहा मिनिटं हातात घ्या. फोटो आणि आवाज दुसरीकडे उतरवून ठेवा, आवृत्तीचा फोटो काढा आणि 1915 हा आकडा त्यांच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. त्यांना सांगा, काही बिघडलं तर मला हाक मारा, तुमचं काही चुकलेलं नाही.

 जय हिंद.